हिशेब कोणाच्या तोंडी? : ‘गीतारहस्य’, जरिता आणि ‘कमला’

‘गीतारहस्या’च्या चौथ्या प्रकरणात टिळकांनी अमेरिकेतील एका मोठ्या शहरातील ट्रामचे उदाहरण दिले आहे. ट्रामची लोकांना गरज होती, परंतु सरकारी परवानगी मिळण्यास विलंब लागत होता. तेव्हा ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन परवानगी मिळविली. ट्राम सुरू झाली, स्वस्त झाली, हजारोंची सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीस आले आणि व्यवस्थापकावर खटला झाला. पॉल केरस यांच्या ग्रंथातून घेतलेले हे उदाहरण टिळक उपयुक्ततावादाच्या विरोधात वापरतात. ‘अधिकांचे अधिक सुख’ हीच नीतीची कसोटी असेल तर या लाचेला नाव ठेवता येणार नाही. ज्या अर्थी न्यायालय नाव ठेवते आणि लोकांनाही ते मान्य होते, त्या अर्थी कसोटी अपुरी आहे, असा हा युक्तिवाद आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला गेलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ, आणि १९६७ मध्ये फिलिपा फूट यांनी मांडलेला भरधाव ट्रामचा प्रसिद्ध पेच, या दोहोंत ट्राम यावी हा योगायोगच. फूट यांच्या ट्रामचा चालक एका रुळावरील पाच माणसांना वाचवायचे तर दुसऱ्या रुळावरील एकाला चिरडेल, अशा अवस्थेत उभा आहे. गेल्या अर्धशतकात या ट्रामने नीतिशास्त्राच्या वर्गांत जेवढ्या फेऱ्या मारल्या तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या दृष्टांताने मारल्या असतील.

या दोन ट्रामांतील फरक मात्र योगायोगाचा नाही. टिळकांच्या ट्रामला पूर्ववृत्त आहे आणि उत्तरवृत्तही आहे. कोणाला घाई होती, कोणी पैसे दिले, कोणी घेतले, नंतर कोण पकडले गेले, हे सारे सांगितल्यावाचून ते उदाहरण उभेच राहत नाही. ती एक छोटी का होईना, कथा आहे. फूट यांच्या ट्रामला भूतकाळ नाही. रुळावरची ती पाच माणसे तिथे का आहेत, त्यांना तिथे कामाला कोणी लावले, ब्रेक का निकामी झाले, हे विचारणे वर्गात अप्रस्तुत ठरते. पेच शुद्ध राहावा म्हणून कथेतील सर्व दारे बंद करून घेतलेली असतात. नैतिक पेचप्रसंगाचे असे शुद्धीकरण उपयुक्ततावादाला सोयीचे असते, कारण दारे बंद झाली की उरते ती केवळ बेरीज आणि वजाबाकी. साहित्याचा अभ्यासक येथे निराळा प्रश्न विचारू शकतो. ही बेरीज कोण करीत आहे? कोणाच्या तोंडून ती आपल्यापर्यंत येते? नीतिशास्त्रात ज्याला निःपक्षपाती द्रष्टा म्हणतात, त्याला साहित्यात निवेदक म्हणतात, आणि निवेदक कधीही कुठल्याच ठिकाणी उभा नसलेला असा नसतो.

टिळकांच्या विवेचनाचा साहित्यदृष्ट्या लक्षणीय भाग चौथ्या प्रकरणापेक्षा दुसऱ्या, म्हणजे ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात आहे. तेथे ते अर्जुनाच्या शेजारी हॅम्लेट आणि कोरायोलेनस यांना उभे करतात, बारा वर्षांच्या दुष्काळात चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरणारा विश्वामित्र आणतात, आणि त्याच ओघात जीव वाचविण्यासाठी चोरी करणे हे कर्तव्यही ठरू शकते हे मिलचे मत नोंदवतात. म्हणजे ज्याचे पुढे खंडन करायचे आहे त्याची साक्ष टिळक आधी काढून ठेवतात. चौथ्या प्रकरणातही, केवळ बाह्य परिणामांचा विचार करायचा असेल तर अधिकांच्या अधिक सुखाहून चांगले तत्त्व नाही, अशी कबुली ते देतात. मात्र नीतीचे बीज बाह्य परिणामात नसून कर्त्याच्या बुद्धीत आहे, आणि साम्यबुद्धी हाच अखेरचा निकष आहे, हे त्यांचे प्रतिपादन. पांडवांचे सैन्य सात अक्षौहिणी आणि कौरवांचे अकरा. संख्याच मोजायची तर न्याय कौरवांच्या बाजूला जाईल, हा त्यांचा टोला सुप्रसिद्ध आहे. तो टोलाच आहे, युक्तिवाद नव्हे. बेंथॅम किंवा मिल यांनी सैनिक मोजून न्याय ठरवा असे कधी म्हटले नव्हते. युद्धाच्या परिणामांचा भोग ज्यांना ज्यांना घडेल त्या सर्वांचा हिशेब करा, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि तो हिशेब खरोखरच केला असता तर अठरा अक्षौहिणींच्या संहारानंतर पांडवांच्या विजयाचे समर्थन करणे त्यांना टिळकांहून कितीतरी कठीण गेले असते. ही अडचण टिळकांनी टाळली.

‘कर्मजिज्ञासे’तील सत्याविषयीच्या चर्चेला महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा आधार देते. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. या कथेत उपयुक्ततावादी वाचनाला आनंद वाटावा असे सारे काही आहे. परंतु महाभारतात ती सुटी येत नाही. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. युधिष्ठिर रागाच्या भरात नेमके तेच बोलून बसतो आणि अर्जुन वडील भावावर शस्त्र उपसतो. कृष्ण कौशिकाची कथा सांगतो ती या क्षणी. आणि कथा सांगून तो थांबत नाही, एक तोड काढतो. थोराला ‘तू’ म्हणून अवमानित करणे हाच त्याचा वध होय. तेव्हा अर्जुनाने युधिष्ठिराला एकेरी बोलावे, प्रतिज्ञा पुरी होईल. तसे बोलून झाल्यावर अर्जुनाला पश्चात्ताप होऊन तो स्वतःचा जीव द्यायला निघतो, तेव्हा आत्मप्रशंसा ही आत्महत्याच होय अशी दुसरी तोड निघते. ज्या भाषेत आजही थोरल्या भावाला ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’ याने घराघरांत वातावरण बदलते, त्या भाषेच्या वाचकाला या प्रसंगातील गांभीर्य आणि किंचित विनोद दोन्ही कळतात. येथे पेच सुटतो तो बेरजेने नाही आणि कर्त्याच्या साम्यबुद्धीनेही नाही (अर्जुनाची बुद्धी त्या घटकेला सम नसून भडकलेली आहे). तो सुटतो भाषेने. ट्रामच्या पेचात जे दार आधीच बंद करून घेतलेले असते तेच कथा उघडते. टिळक कौशिक घेतात, अर्जुनाची प्रतिज्ञाही जाणतात, परंतु त्यांना तत्त्व हवे असते. तोड त्यांच्या उपयोगाची नसते.

उपयुक्ततावाद महाराष्ट्रात आला तो मिलच्या ग्रंथांतून, आगरकरांच्या पिढीने तो कॉलेजात वाचला, असे सांगण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी आहे. जेम्स मिल १८१७ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहून पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत बसला, त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत तेथेच नोकरीस होता. दख्खनमध्ये आर. के. प्रिंगल यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीची जी पाहणी केली, तिच्या मुळाशी रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत आणि निव्वळ उत्पन्नाचा काटेकोर हिशेब होता. एरिक स्टोक्स यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात हा धागा उलगडून दाखविला आहे. हिशेब कागदावर निर्दोष होता. इंदापुराकडे शेतकरी जमिनी टाकून निघून जाऊ लागले तेव्हा तो सोडून द्यावा लागला, आणि १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांची पाहणी सुरू झाली. म्हणजे मराठी मुलखाला ‘अधिकांचे अधिक सुख’ ही उक्ती ऐकू येण्यापूर्वी तिचा सारा भरावा लागला होता. ज्याच्या शेताचे उत्पन्न मोजले गेले त्याला मोजणारा कोण आणि कोणाच्या वतीने मोजतो हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकावाचून समजले.

हाच प्रश्न १९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशीला पुन्हा उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले होते. सुमारे पन्नास गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली जात होती. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील या सत्याग्रहाची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. टिळकांच्या निधनाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यांच्या अनुयायांमध्ये दोन्ही बाजूंची माणसे निघाली, आणि ते स्वाभाविकच होते. कर्त्याची बुद्धी सम आहे की नाही हे धरणाच्या बाबतीत कोणाच्या बुद्धीवरून ठरवायचे? ‘गीतारहस्य’ व्यक्तीच्या पेचाला उत्तर देते. कंपनी, सरकार आणि शहर यांना अंतःकरण असते असे मानल्याखेरीज ते उत्तर तेथे लागू करता येत नाही. येथे उपयुक्ततावादाची बाजू वस्तुतः बळकट आहे, कारण त्याला अंतःकरणाची गरज नाही, आकडे पुरतात. मुळशीचे मावळे आकड्यांत हरले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि धरण झाले.

फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. या भागात मुळशीसारखे नाव झालेले आंदोलन शोधण्याची गरज नाही. शहराच्या कडेला आलेल्या कोणत्याही धानपट्ट्यातील गावात हा पेच रोजच्या बोलण्यात असतो. रस्ता रुंद व्हावा, कचेरी व्हावी, वसाहत व्हावी, यात बहुतांचे हित आहे, असे शहरातला माणूस म्हणतो. तेच वाक्य, तेच शब्द, ज्याच्या बांधीवरून रस्ता जायचा आहे तो शेतकरी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा होतो. पहिल्याच्या तोंडी ते मागणी असते. दुसऱ्याच्या तोंडी ते दान असते, किंवा हार असते, क्वचित उपरोध. वाक्याचे सत्यमूल्य दोन्हीकडे एकच आहे असे तर्कशास्त्र म्हणेल, आणि उपयुक्ततावादाला तेवढे पुरे आहे. साहित्याला ते पुरत नाही.

या झाडीच्या मुलखात हिशेबाची आणखी एक रीत नांदत आली. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी भंडारा-गोंदियाचे धान पोसले, आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आजही त्याची साक्ष देतो. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यात ‘मामा’ तलाव हे नाव मिळाले. मालगुजारीची व्यवस्था न्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु तलावाच्या पाण्याचा वाद घालणारे सर्वजण त्याच तलावाखालचे असत. तोट्याचा वाटा कोणाला किती याची चर्चा तोटा सोसणाऱ्यांच्या समक्ष होई. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेवर, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पात ही समक्षता उरली नाही. ३७२ कोटी रुपयांच्या मूळ अंदाजावर ज्या लाभाचा आणि हानीचा ताळेबंद मांडला गेला, तो खर्च पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला, तरी पहिला ताळेबंद पुसून नवा मांडावा असे कोणाला वाटले नाही. गावे उठायची ती उठली. उपयुक्ततावाद स्वतःला परिणामवादी म्हणवतो, परंतु व्यवहारात त्याच्या नावाने दिले जाणारे निर्णय परिणामांवर उभे नसतात, परिणामांच्या भाकितावर उभे असतात. भाकीत ही एक कथाच आहे, आणि तिचाही निवेदक असतो. हा आक्षेप मिलच्या तत्त्वावर नाही हे उघड आहे, ते तत्त्व ज्या कथनाच्या आधारे लागू होते त्याच्यावर तो आहे. मिलच्या अनुयायाला तो पटण्यास काही अडचण असू नये. विदर्भातच, नागपुराहून, दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये ‘आजचा सुधारक’ सुरू करून विवेकवादाची जी चिकाटीची मांडणी केली, तिच्यातील सचोटीचा भाग हाच होता की गृहीतके उघडी टाकल्याखेरीज निष्कर्ष मान्य करायचा नाही.

महाभारतात हिशेब मांडणाऱ्याची जागा उलटी केलेला एक विलक्षण प्रसंग आहे, आणि नीतिशास्त्राच्या मराठी चर्चेत तो फारसा येत नाही. खांडववन पेटलेले आहे. कृष्ण आणि अर्जुन कडेने रथ फिरवून, निसटणारा प्रत्येक जीव परत आगीत लोटत आहेत. त्या वनात जरिता नावाची पक्षीण आपल्या चार पंख न फुटलेल्या पिलांपाशी अडकली आहे. चौघांना घेऊन उडणे शक्य नाही. एकाला घेऊन तिघांना सोडणे तिला शक्य होत नाही. तेव्हा पिलेच तिला सांगतात, तू जा. आम्ही मेलो तर तुला दुसरी पिले होतील. तू मेलीस तर वंशच खुंटेल. जरिता सुचवते की जवळच्या उंदराच्या बिळात शिरा. पिले म्हणतात, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा आगीने मरण बरे. उंदराला ससाण्याने नेल्याचे आईने सांगितले तरी ती मानत नाहीत. आई उडून जाते. पिले अग्नीची प्रार्थना करतात आणि वाचतात. पुढे परतलेल्या आईचा आणि फार उशिरा काळजी करू लागलेल्या बापाचा, मंदपालाचा, जो संवाद होतो तो संसारातील नेहमीच्या भांडणासारखा आहे. महाभारतकाराची ही खास रीत, एवढ्या वणव्यानंतर नवराबायकोचे उणेदुणे.

पिलांचा युक्तिवाद निखळ उपयुक्ततावादी आहे. चार जीव विरुद्ध एक जीव, असे गणित वरवर दिसते, पण त्यांनी भविष्यातले जीवही मोजले आहेत आणि उत्तर काढले आहे. तरीही वाचकाला तो युक्तिवाद क्रूर वाटत नाही, उलट त्याने गलबलून येते. कारण ज्यांचे प्राण खर्ची पडायचे आहेत तेच तो बोलत आहेत. हाच युक्तिवाद जरितेच्या तोंडी घातला असता तर? किंवा कडेने रथ फिरविणाऱ्या अर्जुनाच्या तोंडी? अंकगणितात तीळमात्र फरक नाही. नैतिक अर्थ मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा. आईच्या तोंडी ते पळून जाण्याचे समर्थन झाले असते आणि अर्जुनाच्या तोंडी निर्लज्जपणा. खांडवदाहाकडे मराठीत नव्या नजरेने पाहायला शिकविले ते इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने. १९६७ च्या या पुस्तकात त्यांनी विचारलेला प्रश्न मुळात मोजदादीचाच आहे. त्या वनातील जीव कोणाच्या जमेत धरले गेले होते? क्षत्रियांच्या कर्तव्याच्या कल्पनेत त्यांना जागाच नव्हती, हे इरावतीबाईंनी दाखविले. गंमत अशी की बेंथॅम या ठिकाणी अर्जुनापेक्षा इरावतीबाईंच्या जवळ बसतो. प्राण्याला तर्क करता येतो का हे विचारू नका, त्याला वेदना होते का एवढे विचारा, असे त्याने १७८९ मध्येच म्हटले होते. टिळकांनी उपयुक्ततावाद्यांना संख्येचे पुजारी ठरविले, पण संख्येत कोणाला घ्यायचे याविषयी बेंथॅमचे दार ‘गीतारहस्या’त दिसते त्याहून रुंद होते.

आता तेंडुलकरांच्या ‘कमला’कडे येता येईल. १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसचे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांचा व्यापार उघडकीस आणण्यासाठी एक स्त्री विकत घेतली आणि तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आलेल्या या नाटकाला त्या घटनेचा आधार आहे. नाटकातील जयसिंग जाधव हा दिल्लीतील नावाजलेला वार्ताहर, कमला ही बिहारमधील बाजारातून अडीचशे रुपयांना आणलेली आदिवासी स्त्री. जयसिंगचा नैतिक पेच, त्याला तो वाटलाच असेल तर, अगदी पाठ्यपुस्तकी आहे. एका बाईला एक दिवस खोटे सांगून पत्रकार परिषदेत उभे केले तर हजारो बायांचा बाजार बंद होऊ शकेल. जयसिंगच्या ठिकाणी लबाडी नाही, हे तेंडुलकरांनी कटाक्षाने जपले आहे. तो धाडसी आहे, कष्टाळू आहे, आपण करतो ते बहुतांच्या हिताचे आहे अशी त्याची खरोखरीची समजूत आहे. तो दुष्ट असता तर नाटक सोपे झाले असते. त्याच्या बायकोला, सरिताला, कमलेला धड लुगडे द्यावेसे वाटते. जयसिंगला ती आहे त्याच अवस्थेत परिषदेत यायला हवी असते. तिचे दैन्य हा त्याचा पुरावा आहे.

परिषद रंगमंचावर दाखविलेली नाही. जयसिंग आणि त्याचा मित्र जैन घरी येऊन ती हसत हसत सांगतात. कमलेला कोणते प्रश्न विचारले गेले, ती काय बोलली, सभागृह कसे हसले. या निर्णयाकडे समीक्षेने नाट्यतंत्राच्या अंगाने पाहिले, ते ठीकच आहे. पण त्याचे वजन नैतिक आहे. प्रेक्षकाला परिषद प्रत्यक्ष दिसली असती तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी लाभ आणि हानी तोलली असती. तेंडुलकर ती संधी देत नाहीत. प्रेक्षकापर्यंत पोचतो तो हिशेब मांडणाऱ्यांनी सांगितलेला वृत्तान्त, आणि त्यांच्या हसण्यासकट. जुन्या वळणाच्या पत्रकारितेतून आलेले सरिताचे काकासाहेब त्या हसण्यात सामील होत नाहीत. त्यांचे आक्षेप मात्र व्यवसायनिष्ठेच्या भाषेत येतात आणि त्यामुळे काहीसे दुबळे पडतात. नाटकातील हा भाग थोडा भाषणी झाला आहे, हेही म्हटले पाहिजे.

‘कमला’चा खरा गाभा कमला आणि सरिता यांच्या एकान्तातील संवादात आहे. कमला सरिताला विचारते की मालकाने तुला कितीला घेतले. या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले, कारण त्याने सरिताचे डोळे उघडतात आणि नाटकाला दिशा मिळते. त्यानंतर कमला जी वाटणी सुचवते तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपण दोघी बहिणींसारख्या राहू. कष्टाची कामे मी करीन, तू शिकलेली आहेस, हिशेब आणि पाहुण्यांचे तू बघ. मालकाजवळ महिन्यातले पंधरा दिवस तू, पंधरा दिवस मी. भोळेपणाचा नमुना म्हणून प्रेक्षागृहात यावर हशा पिकू शकतो, आणि परिषदेतल्या पत्रकारांच्या हशाहून तो फारसा वेगळा नसतो. वस्तुतः सबंध नाटकात प्रत्येकाला एक आणि एकच धरून केलेली मोजणी ही एवढीच आहे. प्रत्येकाची गणना एक म्हणून व्हावी, कोणाचीही एकाहून अधिक म्हणून होऊ नये, हे बेंथॅमचे सूत्र मिलने प्रमाण मानले होते. जयसिंगच्या हिशेबात हजारो अनाम बाया आहेत, वाचक आहेत, देश आहे. कमला आणि सरिता त्यात नाहीत, त्या साधनाच्या रकान्यात आहेत. कमलेच्या हिशेबात घरातील तिघेही आहेत, आणि तिला स्वतःसाठी अर्ध्याहून जास्त काही नको आहे.

तरीही ही वाटणी भयंकर आहे, आणि ती का भयंकर आहे हे सांगता आले पाहिजे. ती असमान नाही. तिच्यात कोणाची फसवणूक नाही. संबंधितांपैकी एकीने ती स्वतः मांडली आहे, जरितेच्या पिलांनी मांडली तशी. फरक असा की पिले आगीला गृहीत धरतात, कारण आग लावणे त्यांच्या हातात नव्हते आणि विझवणेही नव्हते. कमला खरेदीला गृहीत धरते. खरेदी हीही तिच्या दृष्टीने आगीसारखीच आहे, कोणीतरी लावलेली, विझवता न येणारी. जयसिंगला ती आग माणसांनी लावलेली आहे हे ठाऊक आहे, तीच तर त्याची बातमी. पण त्याने ती बातमी मिळविण्यासाठी अडीचशे रुपये मोजले तेव्हा तोही कडेने रथ फिरविणाऱ्यांत सामील झाला. टिळकांच्या कसोटीने त्याची बुद्धी शुद्ध ठरेल की नाही यावर वाद होईल, मिलच्या कसोटीने त्याचा लेख किती बायांना सोडवील यावर वाद होईल. नाटक दोन्ही वादांना उत्तर देत नाही. त्याने एवढेच केले आहे की दोन्ही वादांत जिचा आवाज नव्हता तिला एक हिशेब बोलू दिला आहे. आणि तो हिशेब ज्या मूळ व्यवहारावर उभा आहे, तो बोलणारीला दिसत नाही, सरिताला दिसतो.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की हे सारे उपयुक्ततावादाच्या चुकीच्या वापराविषयी झाले, उपयुक्ततावादाविषयी नव्हे. नीट मोजले तर कमला साधनाच्या रकान्यात राहणार नाही, गोसीखुर्दचा ताळेबंद फेरमांडला जाईल, प्रिंगल इंदापूरच्या कुणब्याला विचारील. आक्षेप खरा आहे. मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी पाश्चात्त्य नीतिविचार मराठीत ज्या काळजीने आणला, त्या काळजीने वाचले असता मिलच्या तत्त्वात विचारणा करण्याची, प्रत्येकाला मोजण्याची आणि चुकल्यास पुन्हा मोजण्याची मागणी आहेच. प्रश्न असा की ही मागणी तत्त्वाच्या आतून कधी अमलात येते. बाहेरून कोणीतरी, सोसणाऱ्यांपैकी कोणीतरी, दुसरा हिशेब मांडल्यावाचून पहिला तपासला गेल्याची उदाहरणे थोडी. इंदापुरात तो माणसांनी पायांनी मांडला, जमिनी सोडून. तो दुसरा हिशेब शब्दांत कसा येतो, कोणत्या बोलीत, कोणाला उद्देशून, आणि ऐकणारे हसतात की नाही, ही माहिती नीतिशास्त्राकडे नसते. कमलेच्या वाटणीवर प्रेक्षागृह हसले की गप्प झाले, हे प्रयोगाप्रयोगाला बदलू शकते. तेंडुलकरांनी ते बदलू दिले आहे, ही त्यांची हुशारी आणि त्यांचे धाडसही.

कमलेला अनाथाश्रमात पाठविले जाते आणि ती नाटकातून जाते. वरून आलेल्या दडपणामुळे वृत्तपत्राचा मालक जयसिंगला नोकरीवरून काढतो. त्यालाही कोणीतरी मोठ्या हिताच्या हिशेबात खर्ची टाकलेले असते. घरातच एक गुलाम आहे हे जगाला सांगण्यासाठी पत्रकार परिषद घेण्याची भाषा सरिताने केलेली असते. ती परिषद होत नाही. खचलेला नवरा झोपून गेलेला असताना ती त्याच्याजवळ राहते आणि काकासाहेबांना सांगते की या गुलामीतून बाहेर पडण्याचा दिवस कधीतरी येईल, आणि त्याची जी किंमत पडेल ती ती मोजील.